जुन्या आवृत्तीचे नाना

पारोळ्याच्या आमच्या शाळेत मी क्लार्क होतो, आणि दुसरं कुणी हात लावत नसे म्हणून कॉम्प्युटरतज्ज्ञही. दोन मशीन होती. दोन्हींवर लिनक्स, म्हणजे फुकट मिळणारी, कुणीही उघडून दुरुस्त करावी अशी प्रणाली. तिची नवी आवृत्ती आली तशी मी ती हेडसरांच्या मशीनवर ऐटीत चढवली. मुलांच्या जुन्या मशीनला मात्र ती पेलेना, आणि तिथली जुनी आवृत्ती शाळेचा नवा प्रिंटर ओळखेना. हेडसर म्हणाले, “महिनाअखेर भंगारात द्या ते.”

मी घाबरून धुळ्याच्या नाना नावाच्या एका जाणकारांना कार्ड टाकलं. शनिवारी ते स्वतःच एसटीने आले. फ्लॉप्या भाकरीसारख्या रुमालात बांधलेल्या. चपला दाराबाहेर काढून बसले. नव्या आवृत्तीतला प्रिंटर चालवणारा भाग ते ओळीवर बोट ठेवून वाचत आणि जुनीच्या मापाने बेतून तिच्यात बसवत होते.

मी शहाणपणाने म्हणालो, “नाना, आता सगळे नवीवर गेले. तुम्ही अजून जुनीतच?”

त्यांनी मान वर केली नाही. “बठ्ठा पुढे निंघी ग्यात भाऊ. मांगे बी कोनी थांबाले जोयजे ना.” मागेही कुणी थांबायला हवं, हे मला नवीनच होतं.

दुपारी प्रिंटर कुरकुरला आणि कागद बाहेर आला. हेडसरांनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “राहू द्या मशीन.”

“पुन्हा अडलं तर तुम्हीच या, नाना,” मी म्हणालो.

“आते तुम्ही शेतस ना.”

आता मी आहे म्हणे! मला हसू आलं. त्यांना आलं नाही. त्यांनी स्वतःच केलेलं सगळं पुसलं, मला खुर्चीवर बसवलं, आणि प्रिंटरच्या त्या भागाच्या पहिल्या ओळीवर माझं बोट ठेवलं.