शांताचे सात केस आणि ओलाव्याचा काटा

गेल्या शनिवारी सिंदेवाहीजवळच्या आमच्या धानाच्या गोदामात ओलावा मोजायचा काटा बंद पडला... आणि तो माझ्याच हातून बिघडला.

गोदामात बियाण्याचं धान असतं. हवा किती दमट आहे ते रोज सकाळी काट्यावर पाहून वहीत लिहायचं, हे माझं काम. नागपुरात प्रोफेसरांशी भांडून इंटर सायन्स अर्धवट सोडलं, त्यानंतर मिळालेली ही एकुलती एक नोकरी.

यंत्राच्या पितळी डबीत माणसाचे केस ताणून बसवलेले असतात. दमट हवेत केस किंचित लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. तो एवढासा फरक केसाला जोडलेली दांडी मोठा करून काट्याला देते. थर्मामीटरमध्ये पारा फुगतो, इथे केस लांबतो... रीत एकच. जे दिसत नाही ते दिसणाऱ्या वस्तूकडून वदवून घ्यायचं.

एवढं कळत असूनही डबी उघडली तेव्हा केस वाळक्या गवतासारखे वाटले आणि मी त्यांना जवसाचं तेल लावलं! काटा पन्नासवर चिकटला. केस धुवायला गेलो तर तुटलेच.

सोमवारी नागपूरचे साहेब तपासणीला येणार होते. नोकरी गेली असती, आणि तिच्याबरोबर शांताही. तिचे वडील डोमाजीभाऊ गोदामाचे मुकादम. पोरगी मागितली तेव्हा त्यांनी एवढंच म्हटलं होतं, "हे नवकरी टिकवून दाखव, मंग बोलू."

वीतभर लांब, बिनतेलाचा केस हवा होता. माझे बारीक कापलेले. रविवारी शांता रिठ्यानं न्हाते, हे मला माहीत होतं... कसं, ते विचारू नका. तडक तिच्या अंगणात गेलो आणि म्हणालो, "शांताचे केस पाहिजेत."

आमच्याकडे बाया विंचरलेला गुंता थुंकून भिंतीच्या फटीत कोंबतात. परक्याच्या हाती लागला तर करणी होते म्हणतात. शांताची आत्या भागाबाई फणी टाकून ओरडलीच, "अवो धावा! पोरीवर करनी करून राह्यला हा!"

शेजारी जमले. माझं डोकं फिरलं. "अडाणी आहात सगळे!" म्हणालो, आणि होती नव्हती ती सहानुभूतीही घालवली.

डोमाजीभाऊ काठी घेऊन पुढे आले. "काऊन रे, केसं काहाले पायजे तुले?"

तेव्हा खरं सांगावंच लागलं. तेल मी लावलं, काटा मी बिघडवला, केस मिळाले तर मीच दुरुस्त करीन... सांगताना कान तापले होते.

मग दारातून शांता म्हणाली, "बाबा, करनी करनारा असा भर दुपारी बारा मान्साईसमोर केसं मागाले येते का?"

आधी एक शेजारी फिसकन हसला, मग सगळेच. डोमाजीभाऊंनाही हसू आवरेना. "घे मंग. पन मी मोजून देईन अन् तुयापाशीच बसीन. एक बी केस खिशात गेला त पाय!"

सात केस मोजून मिळाले. ते पुन्हा रिठ्याच्या पाण्यात धुतले, वाळवले, गोदामात येऊन चिमट्यानं ताणून बसवले. डबीभोवती ओलं फडकं गुंडाळलं तसा काटा हळूहळू वर चढत पार टोकाला गेला. ओल्या फडक्याआड हवा जवळजवळ पूर्ण दमट, म्हणून तिथे स्क्रू फिरवून काटा पंच्याण्णववर जुळवला. डोमाजीभाऊ श्वास रोखून बघत होते.

फडकं काढलं. जरा वेळानं काटा अडुसष्टवर थांबला. शेजारच्या दोन थर्मामीटरांवरून, एक कोरडा अन् एक ओल्या कापडाचा, हिशेब केला तर सत्तर आले. जीव भांड्यात पडला.

सोमवारी साहेबांनी काचेवर टिचकी मारली, थर्मामीटर पाहिले. तेलाची गोष्ट मी आपण होऊन सांगितली. ते आधी रागावले, मग पुन्हा काट्याकडे बघत म्हणाले, "नीट बसवलंय. हे काम शिकलास कुठं?"

मी तोंड उघडायच्या आत डोमाजीभाऊ बोलले, "आमचा जावई होनार हाये तो, साहेब. हुशार हाये, जरा तापट हाये."

कॉलेजनं मला पदवी दिली नाही, याचं दुःख त्या क्षणी संपलं. शांतानं भरल्या अंगणात माझी बाजू घेतली... तिचे आभार कसे मानायचे ते अजून सुचलेलं नाही, पण रोज सकाळी तो आकडा लिहिताना माझी छाती वीतभर फुगते!