भावोजींचा फ्लेक्स आणि बाबांचं बॉनेट

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या भावोजींनी, दोन वर्षांपूर्वी एक जुनी बस घेऊन तिचं मोटरहोम करून घेतलं. आत पलंग, फ्रीज, संडास, छताला निळे दिवे, आणि मागच्या अंगाला लुकलुकत्या अक्षरांत त्यांचं स्वतःचं नाव. डोंबिवलीजवळच्या त्यांच्या जमिनीवर टॉवर उभे राहिले आणि त्यांना दिवसभर करण्यासारखं काही उरलं नाही. त्यांचे वडील त्याच जमिनीत शेवटपर्यंत भात लावत आणि कामापुरतं बोलत. यातलं काहीच वारशात उतरलं नाही.

ही बस गल्लीत शिरत नाही, आणि गावात शिरलीच तर गावाची वाहतूक बंद पाडते. म्हणून तिच्यामागे एक लहान गाडी ओढत न्यायची, म्हणजे मुक्कामी पोचल्यावर फिरता येतं, अशी टूम निघाली. भावोजींच्या दारात दोन गाड्या उभ्या आहेत. त्यांना हवी होती बाबांची.

"जुनी गाडी मागे लावली ना मेहुणे, की व्हिडिओत एकदम रॉयल दिसतं," ते मला म्हणाले.

बाबा जन्मभर एका कारखान्याच्या रंगखात्यात होते. काचबिंदूने डोळे जाणार हे कळल्यावर त्यांनी शेवटचं काम केलं ते आमच्या जुन्या गाडीला रंग देण्याचं. नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या आवारात दोन महिने ते काम चाललं होतं. गडद हिरव्या रंगाचा एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, ओल्या वॉटर पेपरने, म्हणजे बारीक पॉलिश कागदाने, घासायचा, की पुन्हा दुसरा हात. मी हाताखाली होतो. शेवटचं पॉलिश त्यांनी माझ्याकडून करून घेतलं, तेही तीनदा. मग त्यांना दिसेनासं झालं. तेव्हापासून रोज सकाळी ते मऊ फडकं घेऊन कठडा धरत जिना उतरत, गाडी पुसत, आणि फडकं खांद्यावर टाकून नुसता तळवा बॉनेटवरून फिरवत. कुठे काही हाताला लागलं नाही की वर येऊन चहा घेत. डोळे गेलेल्या माणसापाशी त्याचं स्वतःचं म्हणून एवढंच उरलं होतं.

जावयाला नाही म्हणायची आमच्या घरी पद्धत नाही. शिवाय अलिबागच्या पुढच्या आपल्या गावी ही गाडी एकदा न्यावी, असं बाबांच्याही मनात होतं. ते हो म्हणाले, पण रंगाला धक्का लागता कामा नये, ही अट घालून.

"जावईबापू, खडी उडणार ती तुमच्या बसच्या मागच्या चाकांतून," ते म्हणाले. "तेव्हा बसच्याच मागे, रस्त्याला टेकेल इतपत खाली, जाड रबर सोडा. गाडीला काही बांधू नका. बांधलंतच तर सैल नको. आत खडी गेली आणि वरचं हलायला लागलं, की वॉटर पेपरच फिरला समजा."

भावोजींनी मान हलवली. बाबांना मान हलवलेली दिसत नाही, हे त्यांच्या ध्यानात राहत नाही.

मी कळव्याच्या एका भंगारवाल्याकडून रबराची जाड पट्टी आणली, तिला भोकं पाडली आणि निघायच्या सकाळी बाबांना गाडीत बसवून डोंबिवलीला गेलो. लोखंडी दांड्याने गाडी बसला जोडून झाली. भावोजींनी रबर बसच्या मागे धरून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. नावाखालची 'भावी नगरसेवक' ही ओळ त्यात झाकली जात होती.

"हे भंगार नको रे," म्हणत त्यांनी घरामागच्या गोदामातून स्वतःच्या वाढदिवसाचा फ्लेक्स काढला. बारा फूट. काळा गॉगल, कानाला फोन आणि वर दुसऱ्या एका फोटोत जोडलेले हात. महिनाभर चौकात धूळ खाल्लेला. तो त्यांनी गाडीच्या तोंडावर असा पसरला की चेहरा बरोबर बॉनेटवर यावा.

मी सुतळीने बांधायला घेतला. पहिली गाठ आवळली तशी भावोजींच्या गालाला सुरकुती पडली.

"अरे, एवढं खेचू नको ना! चेहरा बघ कसा झालाय. लूज ठेव जरा."

बाजूला बहीण चहाचा कप घेऊन उभी होती. मी गाठ सैल केली. मग बाकीच्याही सैलच बांधल्या.

बसच्या खिडकीतून बाबांनी विचारलं, "रबर लावलंत ना?"

"लावलं बाबा, एकदम टाइट!" भावोजी ओरडले. मी सुतळीचं उरलेलं भेंडोळं खिशात घातलं आणि आत जाऊन बसलो.

कल्याण-शीळ रस्त्यावर काम चालू होतं आणि खडी अशी पसरली होती की पेरणी केली असावी. पनवेलपर्यंत मागून फडफड ऐकू येत होती. बाबा पलंगावर बसून ती ऐकत होते. एकदा त्यांनी विचारलं, "हे काय वाजतंय?" भावोजी म्हणाले, "वारा."

गावी उतरल्यावर मी गाठी सोडल्या. आतून ओंजळभर बारीक खडी खाली पडली. बॉनेट मधोमध पांढुरकं पडलं होतं, काही ठिकाणी पत्रा उघडा. फ्लेक्सवरचा गॉगल मात्र शाबूत होता. "पॉलिश मारलं की निघेल रे," म्हणत भावोजी व्हिडिओ काढायला लांब उभे राहिले, म्हणजे त्यात ओरखडे दिसणार नाहीत.

बाबा माझा दंड धरून आले. खांद्यावर फडकं होतं, ते त्यांनी काढलंच नाही. तळवा बॉनेटवर ठेवला, थोडा पुढे नेला आणि थांबवला. मग बोटांच्या टोकांनी बराच वेळ चाचपत राहिले.

"रबर नव्हतं," ते म्हणाले.

"नाही."

"हे सैल कुणी बांधलं?"

"मी. भावोजी म्हणाले—"

"त्यांना रंगातलं काय कळतंय? तुला कळत होतं."

भावोजींची टिंगल करायला मला आजही आवडतं. चारचौघांत मी हा फ्लेक्सचा किस्सा रंगवून सांगतो, लोक पोट धरून हसतात. गाठींपाशी आलो की मी तो आवरता घेतो. गाडी पुन्हा आवारात उभी आहे. रंग मी देतो, असं बाबांना दोनदा म्हणालो, त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. सकाळी ते आता गॅलरीत बसून राहतात, आणि त्यांच्या त्या मऊ फडक्याने माझी बायको ओटा पुसते.