मिश्री कोण खातं?

दाताच्या डॉक्टरसमोर माणूस गप्प बसतो, हा एक मोठा गैरसमज आहे. सानपाड्यातल्या माझ्या दवाखान्यात तोंडात आरसा असतानाही लोक बोलतात. अर्धं मला कळतं, उरलेलं माझ्या मदतनीस सुनंदाताई समजावून सांगतात. नऊ वर्षांत असे किस्से इतके साचलेत की दात बाजूलाच राहतात.

आमची एक पद्धत आहे. पेशंट कशालाही येवो, दात बघून झाले की मी गाल, ओठ आणि जिभेखालची जागाही बघते. कॅन्सरची सुरुवात असेल तर ती सुरुवातीलाच सापडावी, एवढाच हेतू. लोकांना मात्र त्याचं भलतंच टेन्शन येतं.

* * *

महापेच्या आयटी कंपनीतला एक इंजिनिअर जिभेवर जखम घेऊन आला. आठ दिवस नेटवर वाचून त्याने स्वतःच निदान केलं होतं. "मॅडम, खरं काय ते सांगा. बायकोला सगळे पासवर्ड देऊन आलोय."

दाढेचा तुटका कोपरा जिभेला घासत होता. मी तो गुळगुळीत केला आणि दोन आठवड्यांनी परत बोलावलं. जखम पूर्ण भरली होती. बायको खूश असेल, मी म्हटलं.

"कुठली खूश? पासवर्ड बदलले म्हणून चिडलीय!"

* * *

मारुतीराव मार्केटात माथाडी आहेत. दुखरी दाढ घेऊन आले. स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून दातांमध्ये जायला हवीत, ही तोंड किती उघडतं ते बघायची आमची साधी परीक्षा. त्यांची दोनच गेली. गोण्या उचलून बोटं जाड झालीत, असं त्यांचं म्हणणं. सुनंदाताई त्यांच्याच साताऱ्याकडच्या. त्यांनी सरळ विचारलं, "भाऊ, वडापाव कसा खाता?"

"चेपून," ते म्हणाले, आणि मग गुटख्याचं सगळं बाहेर आलं.

पण गडी चिडला होता. आधी तुमची तीन जातात का दाखवा, म्हणाला. ताईंनी हात धुतले आणि बोटं घातली. तीन आरामात गेली. मी हसत होते. तेवढ्यात ताईंचा खालचा ओठ ओढला गेला आणि दिव्याच्या उजेडात आतला पांढरा पट्टा दिसला. माझं हसू तिथेच थांबलं.

* * *

"तंबाखू खाता का?" हा प्रश्न मीच फॉर्मवर छापला होता. तपासणीआधी ताईंना तो भरायला दिला, तर त्याही "नाही" लिहून मोकळ्या झाल्या होत्या.

"मॅडम, मिश्री कोण खातं? ती लावतात." भाजलेल्या तंबाखूची ती पूड त्या रोज दातांना लावत होत्या. मग म्हणाल्या, "मिश्री लावणाऱ्या बाकीच्या बायकांचंही मी 'नाही'च लिहिलंय."

ओठाचा छोटा तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट येईपर्यंत आम्ही दोघी फक्त कामापुरतं बोललो. मला स्वतःचीच लाज वाटत होती. नऊ वर्षं रोज सोबत डबा खाल्ला, आणि या बाईच्या तोंडात मी एकदाही बघितलं नव्हतं.

रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता. मिश्री कायमची बंद आणि दर तीन महिन्यांनी तपासणी. मी रडले, ताईंनी मला चहा करून दिला.

* * *

आता फॉर्मवर विचारतो, "तोंडात काय लावता, धरता, चघळता?" ताईंनी जुने फॉर्म काढून एकेकीला फोन केले. शिरवण्याच्या एका आजींनी विचारलं, काही दुखत नाही तर येऊ कशाला?

"माझंही दुखत नव्हतं," ताई म्हणाल्या. आजी दुसऱ्या दिवशी हजर.

मारुतीरावांनी गुटखा सोडला. व्यायाम करून तोंड आता अडीच बोटं उघडतं. वडापाव अजून चेपतात, पण थोडाच.

* * *

मागच्या महिन्यात ताईंच्या सासूबाई गावाहून आल्या. बाळंतपणात सुनेला मिश्रीची पहिली चिमूट त्यांनीच दिली होती. ताईंनी त्यांना खुर्चीत बसवलंच नाही. स्वतः बसल्या, दिवा लावला, ओठ खाली ओढला आणि म्हणाल्या, "आत्याबाई, बघा."

पट्टा आता बराच फिका झालाय. तरी म्हातारी खूप वेळ वाकून बघत राहिली. मग तिने कनवटीची मिश्रीची डबी काढली, माझ्या ट्रेमध्ये आरशाशेजारी ठेवली आणि खुर्चीकडे बघत मला विचारलं,

"मला एकबी दात न्हाई. तरी चालंल?"