ठमाबाई आणि नणंदबाई

अंबरनाथच्या एमआयडीसीत चिंतामणी अण्णांचा नाचणी सत्त्वाचा छोटा कारखाना आहे. एकोणीस बायका, दोन पुरुष, दोन चक्क्या, एक भली मोठी चाळणी, आणि सगळ्यात शेवटी, माल बाहेर पडायच्या वाटेवर, एक मेटल डिटेक्टर. पट्ट्यावरून पाकीट येतं, चौकटीतून जातं. आत धातूचा कण असला तर यंत्र किंचाळतं आणि पट्टा जागीच थांबतो. कारखान्यातल्या बायका या यंत्राला नणंदबाई म्हणतात. उंबऱ्यात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याची झडती घ्यायची आणि एवढंसं काही दिसलं की घर डोक्यावर घ्यायचं, हा स्वभाव ओळखून नाव ठेवलं ते ठमाबाईने. गेली नऊ वर्षं ती या नणंदेच्या शेजारी उभी आहे.

ठमाबाई बारवी धरणाकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची. नवरा धोंडिबा आणि ती मिळून उतारावर नाचणी करत, बाकीचे महिने मिळेल ते काम. कारखान्यात ती आली झाडूपोछा करायला. अण्णांनी उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या एका व्यापाऱ्याकडून हे यंत्र जुन्यात आणलं, तेव्हा त्यावर आधी एक शिकलेली मुलगी बसवली. तिने पंधरा दिवसांत हात टेकले. आठ तास पाकिटांकडे बघत बसायचं, आणि किंचाळी झाली तरच काम, नाही तर नुसतं बघणं. ठमाबाईला यात जड असं काही वाटेना. जिने आख्खा जन्म रानडुकरांपासून नाचणी राखली, तिला पिशवीतली नाचणी राखणं काय अवघड? अण्णांनी तिला उभी केली आणि ती तिथलीच झाली.

पहिल्या महिन्यातच यंत्राने एक खिळा पकडला. पोत्यातून आला असावा. मग चक्कीच्या लोखंडाचा एक टवका, मग एका मुलीच्या केसातली पिन. ठमाबाईने हा सगळा मुद्देमाल काचेच्या बरणीत जमवायला सुरुवात केली आणि नव्या बायकांना ती बरणी दाखवून दम द्यायची पद्धत पाडली. यंत्राला भूक नाही, झोप नाही, गप्पा नाहीत. दुपारी जेवणानंतर माणसाचे डोळे मिटतात, पण हिचे मिटत नाहीत, हे ती कौतुकाने सांगायची. शिवाय ही भेदभाव करत नाही. एकदा अण्णांच्याच हातून स्क्रू पडला होता, तर मालकाचा म्हणून तिने गिळला नाही.

पण नणंदेचं सगळंच गोड मानायला ठमाबाई काही भोळी नव्हती. अण्णांनी मध्ये लसणाची ओली चटणी करून पाहिली, तर मिठाने आणि ओलाव्याने यंत्र प्रत्येक पाकिटाला ओरडू लागलं. चटणी बंद पडली. धातूच्या मुलाम्याची चकचकीत चंदेरी पाकिटं आणली, तीही परत गेली. कुणाचा मोबाइल जवळ वाजला तरी हिच्या पोटात दुखायचं. हे झाले उगीच ओरडण्याचे दोष, ते परवडले. न ओरडण्याचा दोष जास्त वाईट, आणि तो ठमाबाईने स्वतः शोधला. एका दुपारी तिने आपल्या फुटक्या हिरव्या बांगडीचा तुकडा पाकिटावर ठेवून चौकटीतून सोडला. यंत्र गप्प. मग खडा सोडला, प्लास्टिकचं बटण सोडलं. यंत्र गप्पच. ती तडक अण्णांकडे गेली आणि म्हणाली की हिला धातूपलीकडे काही दिसत नाही, काकणं तर मुळीच दिसत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून दारात डबा आला आणि सगळ्यांच्या बांगड्या त्यात. सवाष्ण बायकांना मोकळे हात बरे वाटेनात, म्हणून मनगटाला सुती दोरा बांधायची तोड निघाली. तीही ठमाबाईचीच.

असा तिचा दबदबा. क्वालिटी बघायला वैदेही नावाची मुलगी आली, फूड टेक्नॉलॉजीची पदवी घेऊन. बदलापूरला मांजर्लीत राहते, पावसाळ्यात नदी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये शिरली की हिची दांडी. तिला ठमाबाई मॅडम म्हणते आणि त्याच वाक्यात तू म्हणते. पाड्यावर अहोजाहोची पद्धत नाही. वैदेही तिला मावशी म्हणते. दोघींचं जमतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. सत्त्वाच्या पाकिटावर हातात पळी घेतलेल्या अन्नपूर्णेचं चित्र आहे. पाकीट उंच आणि अरुंद. यंत्रावर उभी राहिल्यावर पहिल्याच आठवड्यात ठमाबाईने ठरवून टाकलं की पाकीट पट्ट्यावर उभं, म्हणजे पट्ट्याच्या लांबीत निजवून, देवीचं डोकं पुढे ठेवूनच चौकटीतून जाईल. पाय पुढे करून माणूस एकदाच घराबाहेर पडतो, तसं देवीला कोण काढील? आणि देवीला पट्ट्याच्या रुंदीत आडवी टाकणं हीसुद्धा काही रीत नव्हे. बायकांना ते लगेच पटलं. पाकिटं एका रांगेत, एकाच दिशेने जाऊ लागली, दिसायलाही नेटकी दिसली. अण्णा खूश झाले. बाहेरची माणसं कारखाना बघायला आली की ती रांग दाखवायचे. नऊ वर्षांत एकही पाकीट वेगळ्या दिशेने गेलं नाही.

गेल्या आषाढातली गोष्ट. दुपारी तीनला चाळणी धुवायला काढली आणि चाळणीवर काम करणारी पुतळी नावाची बाई जाळी हातात घेऊन धावत आली. बारीक जाळीखाली आधाराला एक जाड स्टीलची जाळी असते. तिची एक तार तुटून गेली होती. दोन बोटं लांब, शिवणाच्या सुईएवढी जाड. सकाळी वैदेहीने जाळी तपासली तेव्हा ती धड होती. म्हणजे तार आजच्याच मालात.

आजचा माल नऊशे साठ पाकिटं. सगळी चौकटीतून गेलेली, दिवसभरात यंत्राने हूं की चूं केलेलं नाही. सहा वाजता टेम्पो येणार होता. आणि सत्त्व हे मोठ्यांचं खाणं नव्हे. ते जातं सहा-सात महिन्यांच्या पोरांच्या तोंडात, ज्यांना टोचलं तर सांगताही येत नाही.

वैदेहीने घाईघाईने तपासणीच्या तीन कांड्या आणल्या. प्रत्येक कांडीत एक बारीक दाणा बसवलेला असतो. एकीत लोखंडाचा, एकीत पितळेचा, एकीत स्टीलचा. तिन्ही चौकटीतून सोडल्या. तिन्ही वेळा यंत्र खणखणीत ओरडलं. वैदेहीच्या चेहऱ्यावर रंग परत आला. मशीन बरोबर चालतंय, म्हणजे तार पाकिटात नाही, धुताना मोरीत गेली असणार, असं तिने अण्णांना सांगितलं. अण्णांना ते ऐकायचंच होतं. मोरीची जाळी उचकटून चिखल उपसला. तार मिळाली नाही. तर ती पुढे वाहून गेली असेल, असं कुणी म्हणालं. कुणी म्हणालं, आया चाळूनच घेतात की. सगळ्यांना आता घरी जायचं होतं आणि पटवून घ्यायला कारणंही भरपूर होती.

एकट्या ठमाबाईला ते पटेना. यंत्रावर तिचा विश्वास नव्हता असं नाही. तिच्याइतका विश्वास दुसऱ्या कुणाचा नव्हता. पण आई बंद पाकीट चाळत नाही, विश्वासानेच फोडते, हे तिला ठाऊक होतं. तिने कांडी हातात घेतली, त्यातला दाणा न्याहाळला, मग तुटकी जाळी न्याहाळली. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"मॅडम, तुझा दाना गोल हाय," ती म्हणाली. "तार गोल नाय. सत्त्व चाळताना काडी आडवी पडली तं चाळनीवर अडकते. उभी झाली तं निसटते. मशीनचंबी तसंच असंल तं?"

ठमाबाईने पक्कड मागवली आणि त्याच जाळीची शेजारची तार तेवढीच तोडली. एका पाकिटावर ती चिकटपट्टीने लावली, देवीच्या डोक्यापासून पायाकडे, उभी. पाकीट नेहमीसारखं सोडलं. चौकटीतून गेलं आणि पलीकडे पोचलं. यंत्र गप्प. सगळ्या बायका पुढे सरकल्या. मग तिने तेच पाकीट उचललं, क्षणभर हातात धरलं, आणि आडवं टाकलं. यंत्र असं किंचाळलं की दारातला वॉचमन आत आला.

पुढे काही बोलायची गरज नव्हती. उंच अरुंद पाकिटात वरून तार पडली तर ती उभीच पडणार. आणि पाकीट उभंच जाणार, कारण देवीचं डोकं पुढे. वैदेही कपाळाला हात लावून म्हणाली की माहितीपुस्तकात हे लिहिलेलं आहे, पट्ट्याच्या दिशेने पडलेली बारीक स्टीलची तार यंत्राला नीट दिसत नाही, तिने परीक्षेसाठी पाठसुद्धा केलं होतं. पण ठमाबाईचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. ती अण्णांसमोर जाऊन उभी राहिली. नऊ वर्षांतली किती पाकिटं तिच्या डोळ्यांपुढून गेली असतील ते तिचं तिलाच माहीत.

"अन्ना, दोष मशीनचा नाय. देवीचं डोकं पुढं, हे मीच लावलं. माझ्यामुळं कुना पोराच्या गळ्यात गेली असंल तं मी काय करू?"

ती रांग पाहुण्यांना मिरवून दाखवणारे अण्णाच होते. ते शर्टाच्या बाह्या सरसावत म्हणाले, "आधी आजची शोधू. खोकी फोडा."

खोकी फुटली. अण्णा स्वतः पाकिटं उचलून देऊ लागले, वैदेही आकडा मोजू लागली, आणि ठमाबाई एकेक पाकीट आडवं टाकू लागली. शंभर झाली, दोनशे झाली. पुतळी तर प्रत्येक पाकिटाला डोळे मिटत होती, जणू आवाज डोळ्यांनीच ऐकू येतो. चारशे झाली. टेम्पोवाला आला, त्याला बाहेर चहा पाजून बसवला. पाचशेनंतर अण्णांच्या तोंडचं पाणी पळालं. तार मालात नसेल तर मग ती आहे कुठे, हे कुणालाच सांगता आलं नसतं. ठमाबाईला तर आता यंत्र ओरडावं म्हणून नवस बोलावासा वाटत होता. जिच्या ओरडण्याने नऊ वर्षं कान किटले, तिच्या एका किंचाळीसाठी जीव टांगणीला लागला होता.

सहाशे तेराव्या पाकिटाला नणंदबाई ओरडली.

ठमाबाईने ते मागे घेऊन पुन्हा सोडलं. पुन्हा ओरडली. वैदेहीने पाकीट कापून परातीत ओतलं, मलमलीवर चाळलं, आणि पांढुरक्या पिठातून ती तार वर आली. लखलखीत, सरळ. तरी ठमाबाईचं समाधान होईना. तिने ती तार जाळीच्या तुटक्या जागी लावून पाहिली. दोन्ही टोकं बरोबर भिडली, नखाएवढंही अंतर राहिलं नाही. एकच तुकडा होता आणि तो पुरता मिळाला होता.

मग मात्र ती तिथेच फरशीवर बसली. आधी रडली, मग तोंडावर पदर घेऊन हसायला लागली, आणि तिला बघून पुतळीही हसायला लागली. वैदेहीने वाकून तिला मिठी मारली आणि दोघींच्या अंगाला सत्त्व लागलं. छातीवरचा धोंडा उतरतो म्हणजे काय होतं ते त्या संध्याकाळी एकवीस माणसांनी एकदम अनुभवलं. बायका उगाचच एकमेकींना टपल्या मारत होत्या. अण्णांनी टेम्पो रिकामा परत पाठवला आणि सगळ्यांना समोसे मागवले. समोसे खाऊन झाल्यावर ठमाबाईने उरलेली तीनशे सत्तेचाळीस पाकिटंही आडवी घालून काढली. तार मिळाली होती, तरी काढली.

जुन्या मालाची वैदेहीने चार दिवस बसून छाननी केली. चाळणीच्या तपासणीच्या वह्या नऊ वर्षांच्या होत्या, आणि ठमाबाईच्याच हट्टाने जाळी रोज सकाळ-संध्याकाळ बघितली जायची. तार तुटल्याची नोंद याआधी एकदाही नव्हती. हे कळलं तेव्हा ठमाबाईला पहिली धड झोप लागली. अण्णांनी एक्स-रेवालं नवं यंत्र घ्यायचा विषय काढला. त्यात म्हणे काचही दिसते, खडाही दिसतो. ठमाबाईने ते ऐकून घेतलं. आणा की, ती म्हणाली, पण हिचे दोष आता कुठे कळलेत, नवीचे कळायला आणखी नऊ वर्षं लागतील, तोवर दोघी राहू द्या. वैदेहीने तिन्ही कांड्यांबरोबर तारेचा तुकडाही तपासणीत लावला, आणि प्रत्येक पाकीट दोनदा जाईल असा नियम झाला, एकदा उभं आणि एकदा आडवं.

नियम झाला, पण हात लगेच वळत नाहीत. नियमाच्या पहिल्याच सकाळी सोनिया नावाची मुलगी पट्ट्यावर होती, पाड्यावरचीच, कडेवरचं पोर सासूकडे ठेवून येणारी. तिने पहिलं पाकीट उभं सोडलं, पलीकडच्या बाईने ते परत दिलं, आणि मग ते हातात धरून ती तशीच थांबली. मागे पट्टा रिकामा फिरत होता. शेवटी तिने ठमाबाईला हळूच विचारलं, देवीला अशी आडवी टाकायची तर पाप नाही ना लागणार?

ठमाबाईने तिच्याकडे पाहिलं.

"तू रात्री पोराला पाजतेस, ती उभ्यानं का आडवी होऊन?"

सोनियाने पाकीट आडवं ठेवलं.