वाट्याचे मासे

रापणीचं लांब जाळं किनाऱ्यावर ओढताना दोरीला जो हात लावील त्याला मासळीचा वाटा, हा देवबागचा जुना रिवाज. इनासकाकांच्या रापणीला आता माणसंच मिळत नव्हती. तरुण सगळे गोव्याच्या हॉटेलांत कामाला गेले होते. म्हणून मे महिन्यात मासेमारी आणि समुद्ररक्षणाच्या शिबिराला येणाऱ्या मुलांना ते दोरीला लावत आणि बजावत, "बारकी पिल्लां दर्यात परत सोडूची."

आठवडाभर जाळं रिकामं येत होतं. घरी नुसती पेज. त्या सकाळी जाळं जड लागलं, पण आत निघाली बोटाएवढी बांगड्याची पिल्लं. काकांनी घाईघाईने वाटे घातले.

"काका, ही सोडायची ना?" शिबिराला आलेल्या फोंडाघाटच्या शमिकाने विचारलं.

"आज नाय गो. तुझो वाटो उचल आणि गप रव."

शमिकाने वाटा ओंजळीत घेतला आणि ती थेट लाटेत शिरली. मागोमाग सगळी मुलं आपापले वाटे घेऊन धावली.

"अरे मेल्यांनो, थांबा!" काका ओरडले. पण ज्याचा वाटा त्याचा, अडवणार कसं?

वाळूवर त्यांचाच वाटा उरला. बायको रोझालिना पाटी घेऊन उभी होती. "पिल्लां मरतत," ती म्हणाली. "काय करूचा ता बेगीन करा."

काका गुडघ्यांवर बसले आणि जिवंत पिल्लं वेचू लागले. शमिका शेजारी बसली, वेचलेली पाण्यात नेऊ लागली. मेलेली तेवढी रोझालिनाने पाटीत घेतली. दोघांच्या एका वेळच्या कालवणालाही ती पुरणार नव्हती.