साधना गजभिये आणि चार वाजताचं ऊन

साधना गजभिये कोणाच्याही घरी गेली, की आधी घराच्या पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावून पाहायची. घरातले लोक दारात "या, बसा" म्हणत उभे असायचे आणि ही बाजूच्या बोळात शिरून भिंतीला हात टेकवून उभी. बारसं असो, साखरपुडा असो, तिला फरक पडत नसे. माझ्या मामेसासऱ्यांच्या तेरवीलाही तिनं हेच केलं. वर त्यांच्या मुलाला हळू आवाजात विचारलं, "इकडच्याच खोलीत झोपत होते का ते?" तो हो म्हणाला. ती नुसती "हं" म्हणाली. मी तिला जवळजवळ ओढतच पंगतीकडे नेलं.

पांढुर्ण्यात बियाण्याच्या दुकानावर आमचं छोटं ऑफिस होतं. मी सौंसरचा, कामासाठी पांढुर्ण्यात राहणारा सिव्हिल इंजिनियर. साधना पांढुर्ण्याच्याच एका रेल्वे ट्रॅकमनची मुलगी. नागपूरला आर्किटेक्ट झाली, काही वर्षं पुण्यात मोठ्या फर्ममध्ये होती. वडिलांना लकवा मारला म्हणून परत आली आणि ते गेल्यावरही इथंच राहिली. पांढुर्णा जिल्हा झाला तशी घरांची कामं वाढली, आणि मला नकाशे काढणारं माणूस हवं होतं. तिनं काढायचं, मी बांधायचं, असा माझा साधा हिशेब होता. मध्ये सूर्य येईल हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

तिची पद्धत अशी. आलेला प्लॉट ती कॉम्प्युटरमध्ये घालायची. शेजारची घरं, त्यांची उंची, कोपऱ्यावरचा कडुनिंब, सगळं त्यात यायचं. मग त्याच प्लॉटवर निदान तीन वेगळी घरं काढायची आणि तिन्हींवरही वर्षभराचा सूर्य फिरवायची. ज्या भिंतीवर ऊन कमी ती पडद्यावर निळी दिसे, मधली पिवळी, सगळ्यात तापणारी लालभडक. मग कोणत्या घरातली कोणती खोली कधी लाल होते आणि त्या वेळी तिथं कोण असणार, हे ताडून पाहत बसायची. गिऱ्हाईक बिचारं एका नकाशासाठी आलेलं असायचं. त्याला घाई, मला घाई, आणि मॅडम म्हणणार, "घर दिवाळीत पाहू नका. मे महिन्यात, चार वाजता कसं राह्यते ते पाहा." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की ती "घर" म्हणाली की पुढचं माझ्या तोंडात तयार असे.

लोधीखेड्याजवळचे डोंगरे म्हणून एक संत्र्याचे बागायतदार आले होते. त्यांना नागपुरात पाहिलेल्या एका बंगल्यासारखी समोर उभी काच हवी होती. समोर म्हणजे पश्चिम. साधनानं तीन घरं पडद्यावर शेजारी शेजारी मांडली. डोंगऱ्यांनी बराच वेळ पाहिलं आणि काचेच्या, लालभडक घरावर बोट ठेवलं. का, असं विचारल्यावर म्हणाले, याचा रंग चांगला आला आहे, बाकीचे फिके वाटतात. मी कपाळाला हात लावला. तिनं मात्र पुन्हा पहिल्यापासून सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, "समजलं मॅडम. पण काच राहू द्या."

"काच राहीन," साधना म्हणाली, "पण मग तुम्ही त्या खोलीत राह्यनार नाही."

ते उठले आणि दुसऱ्या इंजिनियरकडे गेले. असे किती गेले, आणि किती जणांच्या घरी जाऊन मी चहा पीत मॅडमच्या वतीनं दिलगिरी व्यक्त केली, ते आठवलं की अजूनही चिडतो. डोंगऱ्यांनी मनात काही न ठेवता वास्तुपूजनाला आम्हा दोघांनाही बोलावलं. उन्हाळा होता. काचेवर जाड पडदे ओढलेले आणि भर दुपारी हॉलमध्ये ट्यूबलाइट लावलेली. मला वाटलं, आता परतीच्या वाटेवर ही मला सोडणार नाही, पाहा मी सांगत होते म्हणेल.  पण सौंसर मागं पडल्यावर ती एवढंच म्हणाली, "समजावून सांगाले मी कमी पडली, भाऊ." अशा माणसावर धड रागावताही येत नाही, हा आणखी एक वैताग.

मग आमचंच सौंसरचं घर नव्यानं बांधायचं ठरलं. आई पडली होती. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं, त्यानंतर वॉकरवर चार पावलं आणि बाकी दिवसभर पलंग. सगळ्यात महत्त्वाची खोली तिचीच होती. माझे थोरले भाऊ, दादा, त्यांनी ठाम सांगितलं की घरातलं वडीलधारं माणूस नैर्ऋत्येलाच झोपलं पाहिजे. साधनानं नेहमीप्रमाणे तीन घरं काढली. दादांच्या घरात आईची खोली दुपारपासून लाल व्हायची आणि सूर्य बुडाल्यावरही भिंत आत उष्णता सोडत राहायची. दुसऱ्यात बरी होती. तिसऱ्यात ती मागे, ईशान्येच्या कोपऱ्यात होती, आणि अगदी निळी.

दादा म्हणाले, आईला मागच्या कोपऱ्यात टाकायचं नाही. साधना म्हणाली, पहिल्या नकाशावर ती सही करणार नाही. दादांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ही आर्किटेक्ट आहे की सूर्याची वकील. साधनानं मला बाजूला घेऊन विचारलं, तुमच्या दादाले कधी उन्हाळा लागला नाही का. महिनाभर मी या दोघांच्या मधे सौंसर-पांढुर्णा करत होतो. दोघांनाही आईची काळजी होती आणि दोघांनीही मला सळो की पळो करून सोडलं होतं. शेवटी एका रविवारी मी साधनाला घेऊन घरी गेलो, दादांना बोलावलं आणि लॅपटॉप सरळ आईच्या पलंगावर ठेवला. आईला आजवर कोणीच विचारलं नव्हतं.

साधनानं निळी खोली उघडून दाखवली. थंड राहील, सकाळचं कोवळं ऊन येईल, दुपारी पंखा पुरेल, असं सगळं सांगितलं. आईनं चष्मा पुसून पाहिलं आणि विचारलं, "हे खिडकी हाय ना, इच्यातून काय दिसन?"

 साधना म्हणाली, मागची बाजू दिसेल. शेजाऱ्यांची भिंत, पपईचं झाड.

"मले रस्ता पाहिजे वो," आई म्हणाली. "आता चालणं फिरणं राह्यलं नाही. मानसं तरी दिसले पाहिजे. थंड्या खोलीत एकटी पडून काय करू मी?"

आमचा रस्ता पश्चिमेला. दादांचा चेहरा खुलला, पण आईनं त्यांच्याकडे वळून सांगितलं, "अन् तुह्या खोलीत भाजून बी घ्यायचं नाही मले."

साधनानं लॅपटॉप मिटला. तिची तिन्ही घरं एकदम बाद झालेली मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. परतताना ती खिडकीबाहेर पाहत बसली होती. मग माझ्याकडे न पाहता बोलायला लागली. त्यांचं पांढुर्ण्याचं घर टिनाचं होतं. पुण्याहून ती आली तेव्हा वडील अंगणात खाटेवर असायचे. ती आणि तिची आई सावली पाहून ती खाट दिवसभर सरकवायच्या. घराच्या समोरून रेल्वेची लाइन जायची.

"बाबाले समोर राहाचं राहे," ती म्हणाली. "मी ऊन येते म्हणून मांगच्या अंगाले नेत होती. मांगं गाडी दिसे नाही. सारी जिंदगी त्याईनं त्या पटरीवर काढली, भाऊ. बोलता येत नव्हतं, पण हाताले धरत माह्या. मी समजे का मांगं नेलं म्हणून खुश आहेत."

 

त्यानंतर ऑफिसातलं बाकीचं काम ठप्प झालं. लोक फोन करायचे, मी खोटं बोलायचो, आणि ही आमच्याच घरावर सूर्य फिरवत बसलेली. मी एकदा ओरडलोही. तिनं ऐकलं की नाही, कोण जाणे. चौथं घर घेऊन ती आली तेव्हा आईची खोली रस्त्याला लागून होती. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात तिनं जिना आणि कोठीची खोली घातली, म्हणजे कोपरा तापला तरी उष्णता त्यांच्यातच अडेल. आईच्या खोलीची भिंत एका जागी रस्त्याकडे पुढे काढली होती, एक खुर्ची बसेल एवढी. या पुढे काढलेल्या भागाला पश्चिमेकडे कोरी भिंत आणि खिडकी फक्त दक्षिणेच्या अंगाला. तिथं बसलं की बाजाराकडून येणारा सगळा रस्ता तिरपा दिसतो. मे महिन्यात सूर्य पश्चिमेच्याही थोडा उत्तरेला सरकून मावळतो, त्यामुळे दुपारनंतर त्या खिडकीत ऊन शिरत नाही. थंडीत मात्र तो दक्षिणेकडून खाली उतरतो आणि खुर्चीपर्यंत येतो. तिनं चारही घरं पुन्हा शेजारी मांडली. चौथ्यातली खोली निळी नव्हती. पिवळी होती. पिवळं चालेल का, असं तिनं आईलाच विचारलं.

आई म्हणाली, "रस्ता दिसते ना? मंग चालते."

दादांनी बरीच खुसपटं काढली, पण आई हो म्हणाल्यावर त्यांचाही आवाज उतरला. बांधकाम सुरू झालं तर मिस्त्रीनं, रस्ता तिकडं आहे म्हणून, पुढे काढलेल्या भागाला सरळ पश्चिमेलाच खिडकी ठेवली. साधनानं ती बुजवायला लावली. मिस्त्री माझ्यावर चिडला, दादा माझ्यावर चिडले. तिच्यावर कोणीच चिडलं नाही, कारण ती वाळूच्या ढिगावर उभी राहून सूर्य कुठं मावळतो ते मिस्त्रीला हातानं दाखवत होती.

आई त्या खोलीत राहायला गेली आणि माझ्या मागे नवंच काम लागलं. दुपारी खुर्चीत बसून ती रस्त्यावरच्या जगाचा कारभार पाहायची आणि संध्याकाळी फोन करून मला सगळा अहवाल द्यायची. कोणाची सून माहेरी निघाली, कोणाच्या गाईला गोठा नाही. शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला जाणारे लोक तिला हात करून पुढे जायचे. दादा येऊन तिथंच आडवे व्हायचे. खोली बरी आहे, असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

मला वाटलं होतं, या प्रकरणानंतर साधना जरा सैल होईल. झालं उलटंच. आता ती सूर्य फिरवायच्या आधी घरातल्या प्रत्येकाला वेगळं बसवून विचारू लागली, तुम्ही दुपारी कुठं बसता, बसून काय पाहता. पुरुष सांगायचे हॉल कुठं पाहिजे. बायका आधी काहीच सांगायच्या नाहीत, मग कोणी हळूच म्हणे, दुपारी भांडी आटोपल्यावर मागच्या दारात बसते. मग त्या मागच्या दारावर सावली यायलाच हवी आणि नकाशा पुन्हा पहिल्यापासून. काम निम्म्यावर आलं. आम्ही दोघंही थकलो. नागपूरच्या एका कॉलेजात तिला शिकवायची नोकरी मिळाली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या दिवशी ऑफिसात नीट बसवेना म्हणून लवकर घरी गेलो.

जाण्याआधी ती आईला भेटायला आली. आईनं तिकडं घर कसं आहे ते विचारलं.

"पश्चिमेचं आहे, आई. तिसरा माळा, वर गच्ची."

आता मात्र माझा तोल गेला. सगळ्या तालुक्याला छळलंस, म्हटलं, आणि स्वतःसाठी हे घेतलंस? तिनं रागावल्याचं काही दाखवलं नाही. पूर्वेची दोन घरं पाहिली होती, तिनं सांगितलं. दोन्हीकडे घरमालक आधी हो म्हणाले. आडनाव विचारल्यावर म्हणाले, देऊन टाकलं. एकीकडे भाड्यानं देण्याची पाटी अजून लागलेलीच होती.

आईनं तिचा हात धरून ठेवला. "इथंच राह्य ना मंग," एवढंच म्हणाली. साधना हसली आणि कॉलेज सुरू होऊन राहिलं आहे म्हणाली.

यंदाच्या मे महिन्यात मी तिला फोन केला. कूलर चालू असल्यानं नीट ऐकू येत नव्हतं. घर कसं आहे म्हणून विचारलं, तर म्हणाली, भट्टी आहे. मग उत्साहानं सांगत बसली, की आपला फ्लॅटच तिनं पोरांना अभ्यासाला दिला होता. सगळ्यांनी सूर्य फिरवला, सगळ्यांचं लाल आलं. कोणी बांबूचे तट्टे सुचवले, कोणी गच्चीला पांढरा रंग, कोणी पलंगाची जागा बदलली.

"एका पोरीनं एकच ओळ लिहिली, भाऊ," साधना म्हणाली. "'मॅडम, घर बदलवा.' तिले पुरे मार्क देले मी."

मी विचारलं, मग बदलवून राहिली का?

"पाहून राहिली," ती म्हणाली.