मिस्त्रींचं परत आलेलं काम

नव्या वस्तूला कुंकू लावायचं, एवढंच मला कळत होतं. बायको म्हणालीही होती, "अहो, गाडी तयार झाली की गाडीला लावा. सुट्या भागांची कसली पूजा?" पण पन्नाशीत शर्यतीच्या जातीची जुनी गाडी विकत घेणारा माणूस बायकोचं ऐकणाऱ्यांतला नसतो. नवं फ्लायव्हील आणि नवा क्लच मी पाटावर मांडले आणि दोघांच्या कडेला ओल्या कुंकवाची बोटं उमटवली.

त्याच कडेला मिस्त्रींनी आदल्या दिवशी लाल रंगाचा एकेक ठिपका दिला होता.

मिस्त्री म्हणजे जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतले बॅलन्सिंगवाले. फ्लायव्हील ही इंजिनामागे फिरणारी जड चकती. ती मशीनवर फिरवायची, जिथे जड भरेल तिथलं जरासं लोखंड ड्रिलने काढायचं, मग तिच्यावर क्लच बसवून जोडी पुन्हा फिरवायची, हे त्यांचं काम. जोडी जुळली की दोघांवर समोरासमोर ठिपका. गाडीत बसवताना ठिपक्यासमोर ठिपकाच यायला हवा, नाहीतर वेग घेताच गाडी थरथरते.

"माझं काम परत येत न्हाई." नमस्काराऐवजी ते हेच म्हणत. गिऱ्हाइकाला, चहावाल्याला, पत्ता विचारायला थांबलेल्या वाटसरूलाही. तुमच्याही गावात असा एक असेल, न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तोंडात घेऊन फिरणारा.

चष्मा मात्र ते लावत नसत. मशीनचा काटा वाचायला मान इतकी मागे नेत, की मागच्या भिंतीवर डोक्याच्या तेलाचा डाग पडला होता. मी एकदा चष्म्याचं सुचवलं.

"चष्मा म्हाताऱ्यांना लागतो, साहेब," सत्तरी ओलांडलेले मिस्त्री म्हणाले.

तर गाडी जोडताना गॅरेजवाल्याने तेच ठिपके समजून माझ्या कुंकवासमोर माझंच कुंकू जुळवलं. गाडी अंबड रस्त्याला लागली, मी जोर दिला आणि ती पिठाच्या गिरणीसारखी हादरू लागली. तशीच वळवून मिस्त्रींच्या दारात उभी केली.

समोरच्या टपरीवरची मंडळी हातातले कप घेऊन उठली. मिस्त्रींचं काम परत आलं होतं!

मिस्त्रींनी आधी रस्त्याला दोष दिला, मग टायरला. शेवटी मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाले, "साहेब, तुम्ही एकाच बाजूला बसून राह्यले. गाडी तरी काय करीन?"

दुसऱ्या दिवशी सगळं उतरवून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांना कुंकू दिसलं. जवळ नेऊन, लांब धरून त्यांनी ते पाहिलं.

"हे काय?"

"पूजा केली होती."

"लोखंडाचं लगीन लावलं का तुम्ही?" आणि दारात जाऊन टपरीकडे हाक, "या रे, पाहा! साहेबानं क्लचला सवाष्ण केलं!"

रस्ताभर हशा. इतके आनंदलेले मिस्त्री मी पूर्वी पाहिले नव्हते.

आत येऊन त्यांनी कुंकू पुसलं, ठिपक्यासमोर ठिपका आणून जोडी बसवली आणि सहज म्हणून मशीन चालू केलं. काटा स्थिर राहायला हवा होता. तो हलत होता. मिस्त्रींनी मान मागे नेली, भिंतीला डोकं टेकलं, तरी पुरेना. मग दाराकडे एकदा पाहून हळूच म्हणाले, "साहेब, जरा वाचता का?"

मी आकडा वाचला. थोडी चूक माझ्या कुंकवाची होती, थोडी त्यांच्या डोळ्यांची. त्यांनी ड्रिल लावून लोखंडाचा चिमूटभर कीस काढला, पुन्हा फिरवलं. काटा थांबला, तेही मीच पाहून सांगितलं.

"त्या दिवशी मशीन थंड व्हती," ते म्हणाले.

"थंडच असणार," मी म्हणालो. जालन्यातला मे महिना चालू होता.

याबद्दल त्यांना उपकार वगैरे वाटले असतील, असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही मिस्त्रींना ओळखलंच नाही. पुढे मी टपरीवर दिसलो की "साहेब, हळद कधी?" अशी पहिली आरोळी त्यांचीच असे. अनोळखी गिऱ्हाइकालाही ते माझी कथा सांगत, मला शेजारी उभं करून.

गेल्या पावसाळ्यात मिस्त्री गेले. मशीन भंगारात गेलं. जालन्यात भंगाराला भट्टीची वाट विचारावी लागत नाही. दहाव्याला मी त्यांच्या गावी, तीर्थपुरीला गेलो. त्यांचा धाकटा भाऊ चारचौघांत सांगत होता, "उभ्या जिंदगीत आमच्या भाऊचं एकच काम वापस आल्तं. तेबी कोण्या साहेबाच्या कुंकवापायी."

"तो साहेब मीच," मी हात जोडून म्हणालो. "चूक माझीच होती."

त्या दिवशीही दोघं-तिघं हसले. भावाने माझा हात घट्ट धरला.

घरी आल्यावर बायकोला पहिल्यांदाच सगळं सांगितलं, हलणाऱ्या काट्यासकट. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "परक्याची चूक चारचौघांत अंगावर घेता येते तुम्हाला. मग स्वतःची घरात कबूल करताना काय होतं?"